पटेलांनी आयसीएसची चौकट ठेवली, ती घाबरून नव्हे

नीराकाठ (धागाकर्ता):

'वऱ्हाडी पाऊल' यांची परवाची पोस्ट माझ्याकडे चार ग्रुपांवरून आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गाभा एवढाच: "इंग्रज गेला, कलेक्टर राहिला. १९४७ ला पटेलांनी आयसीएस मोडायला हवी होती. घाबरून मोडली नाही, आणि आपण अजून त्याच साहेबी कारभाराखाली दबलोय." (आयसीएस म्हणजे इंग्रजांची इंडियन सिव्हिल सर्व्हिस, आजच्या आयएएसच्या आधीची सनदी सेवा.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

घाबरून काहीही झालेलं नाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये, फाळणीचा निर्णयही झाला नव्हता तेव्हा, पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांची (म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्र्यांची) परिषद घेऊन आयसीएसच्या जागी आयएएस आणि इंडियन पोलिसच्या जागी आयपीएस उभी करायचं ठरवून घेतलं. २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये पहिल्या तुकडीसमोर त्यांनी सांगितलं की आधीचे अधिकारी लोकांपासून फटकून राहिले, तुम्ही सामान्य माणसाला आपलं मानायचं आहे. घाबरलेला माणूस असं बोलत नाही.

मग १० ऑक्टोबर १९४९ ची घटना समितीतली चर्चा. आयसीएसवाल्यांच्या पगार-पेन्शनीला घटनेतच हमी द्यायची, यावर अनंतशयनम अय्यंगार यांच्यासारख्या सभासदांचा कडवा विरोध होता. ज्यांनी आपल्याला तुरुंगात टाकलं त्यांनाच संरक्षण? हा राग समजण्यासारखा होता. स्वतः तुरुंग भोगलेल्या पटेलांनी त्यांना उत्तर दिलं. मत मोकळेपणाने मांडू शकेल अशी अखिल भारतीय सेवा नसेल तर संघराज्य टिकणार नाही, आणि माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपण लिहू शकतो, ती मोकळीक मी त्याला दिली आहे, असं ते म्हणाले. आज कुठल्या मंत्र्याचा सचिव असं टिपण लिहून त्याच खुर्चीवर राहतो, सांगा.

आणि या लोकांनी काम काय केलं तेही पाहा. फाळणीनंतर पूर्व पंजाबात लाखो निर्वासित शेतकऱ्यांना जमिनी द्यायच्या होत्या. तिकडे पाण्याखालची सोडून आलेला आणि कोरडवाहू सोडून आलेला यांचा हिशेब एका मापात बसवायचा होता. आयसीएसमधल्या तरलोक सिंग यांनी उत्पन्नावर आधारलेला 'स्टँडर्ड एकर' ठरवला आणि त्यावर सगळं वाटप उभं केलं. १९५१-५२ ची पहिली निवडणूक, १७ कोटींवर मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. ती पार पाडली सुकुमार सेन यांनी, तेही आयसीएसच. ही यंत्रणा मोडून टाकली असती तर मतदारयाद्या कोणी केल्या असत्या?

बिघाड झाला तो नंतर, आणि आपल्या हातांनी. बदली हे शस्त्र झालं तेव्हा. अधिकाऱ्याला नोकरीतून सहज काढता येत नाही, चौकशीशिवाय बडतर्फी नाही म्हणणारं घटनेचं कलम ३११ आडवं येतं. मग त्याला हलवत राहायचं. आयएएस अधिकारी तुकाराम मुंढे यांच्या बदल्यांचा आकडा विसाच्या वर गेलाय. हे पटेलांनी केलं का?

---

वऱ्हाडी पाऊल:

माझ्याच पोस्टवर धागा काढला, आनंद आहे. पण राजेहो, तुम्ही दिल्लीतून खाली पाहता. मी यवतमाळातून वर पाहतो.

सातारा जिल्ह्यात १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. शेकडो गावांत न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, सावकाराला चाप होता. मामलेदाराशिवाय गाव चालतं हे शेतकऱ्याच्या पोरांनी करून दाखवलं. आणि १९४७ ला त्याच गावांत कोण परत आलं? तोच मामलेदार, तीच कचेरी, तोच पट्टेवाला. लोकांना राज्य चालवता येतं याचा पुरावा समोर असताना आपण शिकलेल्या साहेबांवर भरवसा ठेवला.

नेहरूंनी तीसच्या दशकात आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की आयसीएसची वृत्ती कारभारात असेतो हिंदुस्थानात नवी घडी बसणार नाही. पंतप्रधान झाल्यावर त्याच वृत्तीला पगाराची हमी.

आणि तुम्ही पहिल्या निवडणुकीचं सांगता. मग संस्थानं कोणी विलीन करून घेतली? पटेलांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी. ते आयसीएस होते का? कारकून म्हणून लागले आणि वर चढले. म्हणजे स्वतंत्र भारताचं सगळ्यात अवघड काम परीक्षा न दिलेल्या माणसाने केलं. तुमची चौकट सोडूनच कामं झाली की!

मुंढे साहेबांचं नाव तर प्रत्येक धाग्यावर येतंच. एक माणूस चांगला निघाला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. तो यायची वाट पाहावी लागते, हाच पद्धतीचा दोष आहे.

---

पाटीपेन्सिल:

इतिहास शिकवते, म्हणून राहवत नाही. दोघंही पटेल बरोबर की चूक यातच अडकलात. तीच आयसीएस आणखी एका देशाला मिळाली होती, तिकडे बघा.

पाकिस्तानच्या वाट्याला अधिकारी फार थोडे आले, आणि तिथे हीच सनदी नोकरशाही देशाच्या मानगुटीवर बसली. गुलाम मुहंमद हिशेब खात्यातले सनदी नोकर. ते गव्हर्नर-जनरल झाले आणि २४ ऑक्टोबर १९५४ ला त्यांनी घटना समितीच बरखास्त केली. चौधरी मुहंमद अली सचिवपदावरून पंतप्रधानपदापर्यंत गेले. इस्कंदर मिर्झा पोलिटिकल सर्व्हिसचे, पुढे राष्ट्राध्यक्ष. साचा तोच, तोराही तोच. फरक एवढाच की आपल्याकडे १९५० ला घटना झाली आणि १९५२ ला लोकांनी निवडून दिलेली माणसं त्यांच्या डोक्यावर बसली. चौकट चांगली किंवा वाईट नसते, तिच्या वर कोण आहे ते बघायचं.

वऱ्हाडी पाऊल, प्रतिसरकारबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते: ते एका जिल्ह्यात, लढ्याच्या तापात, तीनेक वर्षं चाललं. त्यावरून देशाचा कारभार तसा चालला असता हे कसं काढलंत?

---

अव्वल कारकून:

महसुलात ३४ वर्षं काढली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून झालो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. इथे सगळे कलेक्टरबद्दल बोलतायत. कलेक्टरच्या खाली काय चालतं ते कोणी बोलेना, म्हणून लिहितो.

इंग्रजांनी काय ठेवलं म्हणता? आणेवारी. गावाची समिती बसायची, तलाठी, मंडळ अधिकारी, सरपंच, दोन-तीन शेतकरी. शेतातला नेमून दिलेला तुकडा दोरी लावून आखायचा, पीक कापायचं, जागेवर मळायचं, वजन करायचं. त्या वजनावरून गावाची पैसेवारी, म्हणजे पूर्ण पीक रुपया धरला तर यंदा किती पैसे आलं. ५० पैशांच्या आत आली तर टंचाई, शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आली तर काही नाही. मी स्वतः वजनकाट्याशी उभा राहून हे केलंय. एका गावाचं पीक साफ गेलेलं, हंगामी पैसेवारी ४६ निघाली. वरून निरोप आला, तालुक्याची सरासरी बघून घ्या. मी फिरवली नाही. पुढच्याच मे महिन्यात बदली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

आता कायद्याचं. महाराष्ट्राने २००५ ला बदल्यांचा कायदा केला. तीन वर्षं एका पदावर, बदल्या वर्षातून एकदाच एप्रिल-मे मध्ये. आयएएसपासून कारकुनापर्यंत सगळ्यांना लागू. वाचायला छान. पण त्यातच ४(५) आहे: विशेष कारण लेखी नोंदवून आणि वरच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेऊन मुदतीआधी बदली करता येते. माझ्या आदेशावर कारण होतं "प्रशासकीय निकड". तेवढंच. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) गेलो, वर्ष गेलं, आदेश रद्द झाला, पण तोवर नव्या जागी वर्ष काढून झालं होतं, पोरीची शाळा बदलून झाली होती.

आयएएस साहेबाची बदली झाली की पेपरात फोटो येतो. आमची झाली की टेम्पो येतो.

आणि व्ही. पी. मेनन यांचं बरोबर बोललात. आजही आयएएसच्या वरच्या पदांतली तिसरा हिस्सा पदं राज्यसेवेतून बढतीने भरायची तरतूद आहे. पण तिथपर्यंत पोचेतो माणसाची पन्नाशी येते, आणि तिशीतला कलेक्टर त्याला मीटिंगमध्ये उभं करून विचारतो.

---

पेठेतली सुप्रिया:

काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मी वेगळंच बोलणार आहे.

सगळे सेवेत गेलेल्यांबद्दल बोलता. आत जाऊ कोणाला दिलं, हा खरा इतिहास आहे. १८५५ ला स्पर्धा परीक्षा सुरू झाली ती लंडनला. १८६३ ला सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, पहिले भारतीय, त्यांची बरीचशी नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्यात न्यायाधीश होते. हिंदी पोरं पास होतात म्हटल्यावर १८७६ ला वयाची अट २१ वरून १९ वर आणायचं ठरलं. बोटीने जायचं, लॅटिन-ग्रीकचे मार्क, आणि १९ वर्षं! दादाभाई नौरोजींनी परीक्षा इथेही घ्या म्हणून जन्मभर डोकं फोडलं. १८९३ ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये तसा ठरावही झाला. परीक्षा भारतात आली ती १९२२ ला.

आणि स्वातंत्र्यानंतर? कोठारी समितीनंतर १९७९ पासून यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येऊ लागली. म्हणजे ३२ वर्षं मुख्यतः इंग्रजीच. आणि पूर्वपरीक्षेचा पेपर आजही फक्त हिंदी आणि इंग्रजीत. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरते, मेसचा डबा संध्याकाळी अर्धा ठेवून रात्री खाते. मराठी माध्यमातून मुख्य परीक्षा देणार. पण पहिल्याच फेरीत इंग्रजी उताऱ्यावर मला घाई करून बाहेर काढणार. तेव्हा वयाची अट होती, आज भाषेची आहे.

---

डेटा_बोलतो:

सुप्रियाताई, कष्टांबद्दल आदर आहे, पण ही तुलना चुकीची आहे. सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के. सचिवाला केंद्रात तमिळ, आसामी, मल्याळी सहकाऱ्यांबरोबर काम करायचं असतं. ३३ टक्क्यांइतकं इंग्रजी येत नसेल तर फायली कशा वाचणार?

---

पेठेतली सुप्रिया:

३३ टक्के इंग्रजीचे नाहीत, गणित आणि तर्काचेही आहेत, आणि ते मला इंग्रजीतून किंवा हिंदीच्या त्या अगम्य भाषांतरातून वाचायचे आहेत. २०१४ ला दिल्लीत हिंदी पट्ट्यातली पोरं रस्त्यावर आली ती याच भाषांतरासाठी. मराठीत तर भाषांतरच नाही. परीक्षा दिली आहे का कधी?

---

डेटा_बोलतो:

दिली आहे. मुलाखतीपर्यंत गेलो होतो. इंग्रजीतून. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, मलाही कोणी इंग्रजी घरी वाढलं नव्हतं. रडत बसलो नाही, शिकलो.

---

वऱ्हाडी पाऊल:

बस झालं! रडण्याची गोष्ट काढू नका. पोरगी हक्काचं बोलते. तुम्ही शिकलात, छान. ज्या पोराला शिकवायला कोणी नव्हतं त्याचा काय दोष? हीच ती वृत्ती. स्वतः शिडी चढून गेलं की शिडी चांगलीच होती म्हणायचं.

---

डेटा_बोलतो:

आणि तुमची वृत्ती म्हणजे ज्याने कष्ट केले त्यालाच साहेब ठरवायचं. वैयक्तिक बोलू नका, मीही बोलू शकतो.

---

पाटीपेन्सिल:

दोघांनीही आवरा. सुप्रियाचा मुद्दा डेटा_बोलतो यांनी बाजूला सारला, पण तो इतिहासाचाच आहे. प्रत्येक काळात दार अरुंद ठेवायला एक सबब होती. अ‍ॅना राजम मल्होत्रा १९५१ च्या तुकडीतल्या पहिल्या महिला आयएएस. तेव्हाच्या नियमांत लग्न झालं तर महिला अधिकाऱ्याला राजीनामा द्यायला सांगता येत असे. "प्रशासनाची कार्यक्षमता" ही सबब. याच बाईंनी पुढे न्हावा-शेवा बंदर उभं करायचं काम पाहिलं. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा १९७९ ला न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर ताशेरे मारले. त्या नियमालाही "कामाची गरज आहे" म्हणणारे लोक होते.

---

डेटा_बोलतो:

पूर्वपरीक्षेचा पेपर मराठीत यायला माझा विरोध नाही. भाषांतर नीट असेल तर. एवढंच म्हणतो आणि थांबतो. पण एमपीएससीचंही बोला मग. वर्णनात्मक पेपर २०२३ पासून आणायचं आयोगाने २०२२ ला जाहीर केलं, तिथे मराठीत लिहायची पूर्ण मुभा होती, आणि पुण्यात आंदोलन करून तो २०२५ वर कोणी ढकलायला लावला?

---

पेठेतली सुप्रिया:

आम्हीच. मीही बसले होते रस्त्यावर. कारण दोन-तीन वर्षं एका पद्धतीने तयारी केलेल्यांना मध्येच दुसरी पद्धत दिली. वर्णनात्मकला विरोध नव्हता, मुदतीला होता. आणि आधी २०१९ ची राज्यसेवा पास झालेली पोरं आरक्षणाच्या स्थगितीमुळे नियुक्तीविना घरी बसलेली आम्ही पाहिली होती. निकाल लागून नोकरी नाही, गावात तोंड दाखवता येत नाही. त्यावर कोणी सचिव बोलला?

---

नीराकाठ (धागाकर्ता):

धागा पूर्ण परीक्षेकडे गेला. सुप्रिया, तुमचा मुद्दा पटतो, पूर्वपरीक्षा मराठीत झालीच पाहिजे. पण मूळ प्रश्न तसाच आहे.

वऱ्हाडी पाऊल, मेनन यांचा दाखला बरोबर आहे, नाकारत नाही. पण मेनन एकटे नव्हते, विलीन झालेल्या संस्थानांत कारभार लावायला अधिकारी याच सेवेतून गेले. आणि कलेक्टर नसता तर १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र मेला असता. खडी फोडायची कामं, नाला बंडिंग, मस्टर, आठवड्याचा पगार, हे लाखो लोकांसाठी महिनोन्‌महिने चालवलं ते कलेक्टर-तहसीलदाराच्या यंत्रणेने. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच आला.

---

वऱ्हाडी पाऊल:

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते राजकारणातले, विधान परिषदेचे सभापती. कलेक्टरने राबवली, बरोबर, मान्य करावंच लागेल. राबवणारा हात चांगला होता. डोकं लोकांमधून आलं.

आता माझा खरा मुद्दा ऐका, ज्यासाठी ती पोस्ट लिहिली होती. १९६२ ला महाराष्ट्राने करून दाखवलं होतं. आमच्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने सांगितलं की जिल्ह्याचा विकास लोकांनी निवडलेल्या जिल्हा परिषदेकडे द्या आणि कलेक्टरला बाहेर ठेवा. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, पाणी, पशुधन, सगळं परिषदेकडे. सीईओ आयएएस, पण अध्यक्ष लोकांचा. देशात नाव झालं. मग काय केलं? जिल्हा नियोजनाचा पैसा वेगळ्या समितीकडे, तिचा अध्यक्ष पालकमंत्री, तिचा सचिव कलेक्टर. मागच्या दाराने कलेक्टर परत आत. इंग्रजाने हे केलं नाही, पटेलांनीही केलं नाही. आमच्याच पुढाऱ्यांनी आणि तुमच्याच सेवेने मिळून केलं.

---

अव्वल कारकून:

हे शंभर टक्के खरं. नियोजन समितीच्या मीटिंगला जि. प. चे मेंबर मागच्या रांगेत बसायचे, पालकमंत्र्यांच्या शेजारी कलेक्टर.

---

नीराकाठ (धागाकर्ता):

ठीक आहे. १९६२ नंतर जिल्हा परिषदेचे पंख कापले गेले, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यात पहिला हात पुढाऱ्यांचा होता. मंत्र्याला स्वतःच्या जिल्ह्यात दुसरा अध्यक्ष मोठा झालेला नको होता. अधिकारी तिथे साधन झाला. आणि अधिकाऱ्याला नाही म्हणता यावं म्हणून पटेलांनी जी हमी दिली, तीच बदलीच्या धाकाने पोकळ केली. त्या ४(५) खाली दिलेलं प्रत्येक कारण जाहीर करा, वेबसाइटवर टाका, "प्रशासकीय निकड" एवढंच लिहिलेला आदेश रद्द समजा. अर्धं दुखणं तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ ला माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेत नागरी सेवा मंडळ, ठरावीक मुदत आणि लेखी आदेश, तिन्ही सांगून ठेवलंय.

---

वऱ्हाडी पाऊल:

बदली थांबवा, माझी हरकत नाही. पण तीन वर्षं टिकलेला अधिकारी कोणाला जबाबदार? २०२२ ला मुदती संपल्या आणि बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या. तीन वर्षं उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. प्रशासक कोण? सीईओ स्वतः. प्रस्तावावर सीईओची सही, मंजुरीवर प्रशासकाची सही, माणूस एकच. टेंडर काढणारा तोच, सर्वसाधारण सभाही तोच. हे तुम्हाला पटेलांच्या भाषणात कुठे सापडतं ते दाखवा.

---

नीराकाठ (धागाकर्ता):

नाही सापडत. पण निवडणुका अधिकाऱ्यांनी थांबवल्या नव्हत्या. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता.

---

वऱ्हाडी पाऊल:

थांबवल्या कोणी हे मी विचारतच नाही. थांबल्यावर जिल्हा चालत राहिला, आणि कोणाला फरक पडला नाही, त्याची भीती वाटते.

---

अव्वल कारकून:

फरक पडला. आमच्या गावाची नळपाणी योजना त्याच काळात बंद पडली, मोटार जळाली. आधी असतं तर लोक गटातल्या मेंबरच्या दारात जाऊन बसले असते, त्याने दोन दिवसांत उपअभियंत्याला आणून उभा केला असता. तेव्हा मेंबरच नव्हता. लोक माझ्याकडे आले, निवृत्त माणसाकडे, अर्ज लिहून द्या म्हणून. तीन अर्ज लिहिले. प्रशासकांची पोच आली. पाणी टँकरने आलं.